एसी छान आहे

"एसी खूप छान आहे. बसायला अजून खुर्च्या हव्यात. चित्रंही छान." मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीच्या एका हॉलमध्ये अभिप्रायाच्या वहीत मे महिन्यात कुणीतरी हे निळ्या बॉलपेनने लिहून ठेवलं होतं, व्यवस्थित, खाली सही आणि 'विरार'. वरच्या ओळीत कुणाचं तरी 'अप्रतिम!!!', खाली कुणाचं तरी 'कीप इट अप', आणि मधे हे. मला फस्सकन हसू आलं आणि मान वर केली तर समोर खुर्चीवर चित्रकार बसलेले, ते माझ्याकडेच बघत होते. पन्नाशी उलटलेले गृहस्थ, पांढरा इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. ते पण हसले, पण ते हसणं वेगळं होतं, घरी पाहुण्यांसमोर लहान मुलानं काहीतरी बोलून टाकल्यावर हसतो तसं. मी वही मिटली, सगळी चित्रं परत एकदा जरा जास्तच लक्ष देऊन बघितली, आणि बाहेर पडले. पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. म्हणजे त्या विरारच्या माणसाचं नक्की चुकलं काय? एसी छानच होता. बाहेर रस्ता नुसता भाजत होता.

आणि मी तरी पहिल्यांदा कशाला गेले होते तिथे? फोर्टात नोकरी लागली तेव्हा लंच टाइमला डबा भराभर खाऊन फिरायला निघायचं अशी आम्हा दोघीतिघींची सवय होती. फॅशन स्ट्रीट लांब पडायचं, फाउंटनचे पुस्तकवाले वेळ फार खायचे, मग कुणीतरी म्हणालं चला काळ्या घोड्याला, म्हणजे जहांगीर आहे त्या भागात. पाऊस आला की जहांगीरच्या त्या पुढे आलेल्या काँक्रीटच्या लाटेसारख्या छपराखाली अर्धी फोर्ट उभी असायची, कुरिअरवाली पोरं, झेवियर्सची पोरं, वकिलांचे कारकून, सगळे. आणि उभं राहून राहून कंटाळा आला की माणूस आत डोकावणारच ना. छत्री बाहेर ठेवा एवढंच वॉचमन म्हणायचा. तिकीट नाही, रजिस्टर नाही, 'काय काम आहे' नाही. मी चित्र बघायला लागले ती अशी, ओल्या चपलांनी. आधी नुसती फिरायचे, मग एखाद्या चित्रापुढे थांबायला लागले, मग कधीतरी असं झालं की मैत्रिणी म्हणाल्या आज बाटाच्या सेलला जाऊ आणि मी म्हटलं तुम्ही व्हा पुढे.

नंतर कधीतरी कुलाब्यातल्या एका भारी गॅलरीतही गेले होते, पेपरात वाचून. जुन्या बिल्डिंगचा जिना, वर बंद दार, दाराला बेल. बेल वाजवली. एका मुलीने दार उघडलं आणि परत लॅपटॉपवर जाऊन बसली, काही बोलली नाही, वाईट वागली असंही नाही. चित्रं सुंदर होती, खरं सांगायचं तर जहांगीरला एका वर्षात लागतात त्यातल्या बहुतेकांपेक्षा सरस होती. पण मला पूर्ण वेळ आपल्या पर्सचा आवाज येतोय असं वाटत होतं. दार बंद असण्याचं कारण कळतं, एसी असतो, लाखोंचा माल असतो. तरी बेल वाजवून आत जाणारा माणूस आणि पाऊस म्हणून आत शिरणारा माणूस हे दोन वेगळे लोक असतात, आणि चित्राला दुसऱ्या प्रकारचा माणूस मिळणं मला फार अवघड गोष्ट वाटते.

जहांगीर उभी राहिली 1952 साली. चित्रकार के. के. हेब्बर आणि होमी भाभा, हो तेच अणुवाले भाभा, स्वतः चित्रं काढायचे, असे लोक सर कावसजी जहांगीर यांच्या मागे लागले की मुंबईत चित्रकारांना चित्रं लावायला धड जागा नाही, आणि कावसजींनी आपल्या गेलेल्या मुलाच्या नावाने पैसे दिले. म्हणजे आपण उठसूट 'जहांगीरला भेटू' म्हणतो ते नाव एका बापाने मुलासाठी ठेवलेलं आहे, हे मला कळलं तेव्हा नोकरीला लागून कितीतरी वर्षं झाली होती. आणि जागा कुठली, तर प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या आवारातली. एका बाजूला म्युझियमची बाग, समोर रस्ता, बस स्टॉप. चित्रांसाठी याहून गजबजलेली जागा शोधून सापडली नसती.

असल्या उघड्या दारातून सगळेच आत येतात, पोलिससुद्धा. गॅलरी सुरू होऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती, 1954 मध्ये अकबर पदमसींनी तिथे चित्रं लावली आणि त्यातल्या स्त्री-पुरुषाच्या चित्रावरून पोलिस आले, म्हणाले उतरवा. पंचविशीतला पोरगा, पॅरिसहून आलेला, म्हणाला नाही उतरवणार. अश्लीलतेचा खटला झाला, कोर्टात उभं राहावं लागलं आणि तो सुटला. मला या गोष्टीत गंमत वाटते ती अशी, की ते चित्र एखाद्याच्या बंगल्यात लागलं असतं तर कुणाला पत्ताही लागला नसता. रस्त्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसलं म्हणून भांडण झालं. भांडण होणं ही पण एक प्रकारची दखलच की.

आणि 1992 साली चित्रकार एम. एफ. हुसेननी तिथे 'श्वेतांबरी' नावाचं प्रदर्शन केलं. हॉलभर पांढरं कापड सोडलेलं आणि खाली जमिनीवर वर्तमानपत्रांचे कागद. बास. आमचे एक सीनियर बघून आले आणि डबा खाताना म्हणाले, "काही नाहीये हो तिथे, चादरी वाळत घातल्यात." त्यावर पुढचे दोन दिवस आमच्या सेक्शनमध्ये आर्ट म्हणजे काय यावर चर्चा, कुणी म्हणे पैसेवाल्यांची थेरं, कुणी म्हणे नाही नाही त्यात अर्थ आहे, पेपरात आलंय. चेक क्लिअरिंगला पाठवता पाठवता हे सगळं. सांगण्याचा मुद्दा असा की आमच्या सेक्शनमधल्या एकानेही आयुष्यात चित्र विकत घेतलं नव्हतं, पण हुसेनचं काम डोळ्यांनी बघून त्याला शिव्या घालण्याइतकी ओळख होती. ती जहांगीरमुळे होती.

वर पहिल्या मजल्यावर चेमोल्ड होतं. केकू गांधींचा मूळ धंदा फ्रेमचा, फ्रेमा विकायच्या म्हणून त्यात ओळखीच्या चित्रकारांची चित्रं लावून ठेवायचे, आणि ते वाढत वाढत 1963 मध्ये जहांगीरच्या माडीवर गॅलरी झाली. तय्यब मेहता, भूपेन खक्कर ही सगळी मंडळी त्या एवढ्याशा जागेत. 2007 ला चेमोल्ड तिथून फोर्टातच मोठ्या जागेत गेलं. खाली कुणीही अर्ज करून भाड्याने घेता येणारा हॉल आणि डोक्यावर तो जिना चढून गेलं की देशातली निवडक चित्रं, हे एका छपराखाली होतं तेव्हा आम्हाला त्याचं विशेष काही वाटायचं नाही. आता वाटतं. कारण चुकून वर जाणं बंद झालं.

समोवार, म्हणजे जहांगीरमधलं कॅफे, त्याबद्दल लिहू नये असं ठरवलं होतं कारण त्यावर सगळ्यांनी लिहून झालंय. 1964 पासून 2015 पर्यंत, बागेच्या बाजूची ती लांबडी चिंचोळी जागा, पराठे, पुदिन्याचा चहा, मोठमोठे चित्रकार, नाटकवाले, जाहिरातवाले तासन्‌तास बसलेले. लोक आठवणी काढून हळवे होतात. मला मात्र, खरं सांगते, तिथे थोडं बुजायलाच व्हायचं. आजूबाजूला सगळं इंग्लिश, सगळे एकमेकांना ओळखणारे, आणि आपण बँकेतल्या बाई, हातात प्लास्टिकची पिशवी. दर काही जास्त नव्हते, अडचण दराची नव्हतीच. तरी बंद झालं तेव्हा वाईट वाटलं, आपल्याला बोलवत नसलेल्या लग्नाचा मांडव उतरवताना बघावं तसं काहीतरी. चित्र बघून झाल्यावर त्याबद्दल बोलायला टेबल लागतं, आणि ते टेबल गेलं. आता बघून झालं की लोक पायऱ्यांवर येऊन उभे राहतात आणि मोबाईल काढतात.

बाहेर फुटपाथवर मात्र अजून चालू असतं. रेलिंगला टेकवलेले कॅनव्हास, पोर्ट्रेट काढून देणारे, समोर स्टुलावर ताठ बसलेली एखादी नवी नवरी, आणि तिच्या नवऱ्याचं सारखं मागे जाऊन कागदात डोकावणं, "नाक जरा बारीक करा ना." आतले आठवडाभर थांबून निघून जातात, हे वर्षभर असतात. आतल्या कुणाला विचारलं तर म्हणतील तो वेगळा प्रकार आहे. असेल. पण आत येणारी निम्मी माणसं आधी इथे थांबून डोळे तयार करून मग आत येतात असं माझं निरीक्षण आहे, त्याला पुरावा काही नाही.

तर ते चित्रकार. त्या दिवशीचं ते हसणं डोक्यात राहिलं म्हणून मी दोन दिवसांनी परत गेले (रिटायर झाल्यावर असले उद्योग करता येतात). सोमवार होता, म्हणजे शेवटचा दिवस, तिथे आठवडा मंगळवारी सुरू होतो आणि सोमवारी आवरायचं. ते चित्रांच्या मागे बबल रॅप आणून ठेवत होते. बोलणं सुरू झालं. साताऱ्याकडच्या एका गावात शाळेत चित्रकलेचे सर. जहांगीरला अर्ज केला, कमिटीने चित्रं बघितली, मग नंबर लागायला काही वर्षं. तोवर जीपीएफमधून किती काढायचे याचं गणित. हॉलचं भाडं एक असतं, पण फ्रेमा, टेम्पो, कार्ड छापणं, मुंबईत आठवडाभर राहणं, ते धरलं तर आकडा दुप्पट होतो. राहायला मेहुण्याकडे कळव्याला. रोज सकाळी स्लो लोकलने व्हीटी, तिथून चालत, अकराच्या आत हॉलवर. संध्याकाळी सातला बंद. दिवसभर खुर्चीवर बसून आपल्याच चित्रांसमोरून जाणारी माणसं बघायची. "सुरुवातीला प्रत्येकाला उठून माहिती सांगायचो ताई," ते म्हणाले, "मग कळलं की उठलो की लोक घाबरून बाहेर जातात, त्यांना वाटतं हा आता गळ्यात मारणार."

विकलं का काही, हे विचारू नये असं मला वाटत होतं आणि तेच तोंडातून गेलं. एक लहान गेलं होतं, विद्यार्थ्याच्या ओळखीतल्या कुणीतरी घेतलं.

शाळेतला चित्रकलेचा सर हा माणूस आपल्याकडे फार गृहीत धरलेला आहे. एलिमेंटरी-इंटरमिजिएटचे जादा तास तो घेणार, स्थिरचित्राला वांगी, तांब्या आणि निळं फडकं तो घरून आणणार, स्मरणचित्राला 'आठवडी बाजार' आला तर माणसं बाजूने कशी काढायची ते तो शिकवणार (बाजूने काढली की एकच डोळा काढावा लागतो, ही युक्ती मलाही अशाच एका सरांनी दिली होती). शिवाय फळ्यावर रंगीत खडूने सुविचार, गॅदरिंगचा पडदा, पाहुण्यांच्या स्वागताची रांगोळी, इन्स्पेक्शन असलं की तक्त्यांवर नवी अक्षरं. आणि ऑफ तास कुणाचा घ्यायचा तर चित्रकलेचा. त्यातून उरलेल्या वेळात, सुट्टीत, माडीवर, तो माणूस स्वतःची चित्रं काढतो. ती बघणार कोण? बायको, दोन विद्यार्थी, गणपतीत आलेले पाहुणे. म्हणून 'जहांगीरला शो'. महाराष्ट्रातल्या कुठल्याही आर्ट कॉलेजात शिकलेल्या माणसाला विचारा, हे दोन शब्द पंढरीसारखे उच्चारले जातात.

आमच्या पिढीच्या घरात चित्र यायचं ते कॅलेंडरवरून आणि दिवाळी अंकावरून. मुळगावकरांची लक्ष्मी वर्ष संपलं तरी भिंतीवरून निघायची नाही, खालचे महिने फाडून टाकायचे आणि लक्ष्मी ठेवायची, दीनानाथ दलालांचं मुखपृष्ठ आई जपून कपाटाच्या दाराला आतून चिकटवायची. खरं पेंटिंग, म्हणजे ज्याच्यावर रंगाचे थर हाताला लागतील असं, मी नोकरीला लागेपर्यंत जवळून बघितलेलंच नव्हतं. त्या पहिल्या पावसाळ्यात एका चित्राच्या इतकं जवळ गेले होते की तेलाचा वास आला, आणि तो वास चक्क सुताराच्या पॉलिशसारखा होता, आमच्या चाळीत खाली सुतार होता त्याच्याकडे यायचा तसाच. मला ते फार बरं वाटलं होतं.

आता जहांगीरचं सगळंच चांगलं असतं असं म्हणणार नाही. घाट, घाट आणि घाट. बनारसचे इतके घाट मी तिथे बघितलेत की गंगेला उतरायला जागा उरली नसेल. मग बुद्ध, अर्धे मिटलेले डोळे. मग गणपती, पेंटिंगच्या नाइफने काढलेले. मग धावणारे घोडे, सात. आर्टवाले लोक नाक मुरडतात की भाड्याचा हॉल आहे, ज्याच्याकडे पैसे तो लावतो. कमिटी असली तरी त्यात तथ्य आहेच थोडं. कधीकधी सगळे हॉल फिरून बाहेर आल्यावर एकही चित्र आठवत नाही. पण त्याच हॉलमध्ये एखाद्या मंगळवारी कुणीतरी जालन्याचा किंवा देवगडचा पोरगा असं काही लावून जातो की पाय हलत नाहीत, आणि तो कुठल्याच पेपरात येत नाही. पावसाळ्यात आर्ट कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलांची चित्रं लावतात, मॉन्सून शो, तो मी चुकवत नाही. त्यात घाट कमी असतात. त्यात आई असते, गॅस सिलेंडर असतो, एसटी असते, भाड्याच्या खोलीतला पंखा असतो.

ठाण्याचे सुधीर पटवर्धन, डॉक्टर, एक्स-रेवाले, त्यांनी आयुष्यभर आपली लोकलची माणसं रंगवली, पूल, इराणी हॉटेल, कामगार. त्यांनी 2008-09 च्या सुमारास एक गोष्ट केली होती, आजच्या भारतीय चित्रकारांची खरी चित्रं, छापील नव्हेत, गोळा करून महाराष्ट्रातल्या शहरांतून फिरवली, तिथल्या लोकांनी बघावीत म्हणून. मला हे कळलं तेव्हा ते होऊन गेलं होतं. मी विचार करत बसले की त्या गावांतल्या लोकांनी वहीत काय लिहिलं असेल. कारण आमच्या डोंबिवलीत नाटकाला थिएटर आहे, साडी सेलला हॉल आहेत, ग्राहक पेठ लागते तिथे लोणच्याच्या स्टॉलला पाय ठेवायला जागा नसते, पण चित्राला भिंत म्हटली की लोक म्हणतात हो ना हो ना, आणि विषय चहाकडे जातो. एवढ्या मोठ्या वस्तीला चित्र बघायचं तर तास-दीड तास लोकलमध्ये लटकून काळ्या घोड्याला. विरारवाल्याला त्याहून जास्त. इतकं करून आलेल्या माणसाने चित्राआधी एसीचं कौतुक केलं तर ते मला आता अजिबात हसण्यासारखं वाटत नाही. तो आला, थांबला, बसायला खुर्ची शोधली, नाही मिळाली, तरी सगळी चित्रं बघितली आणि वर लिहून पण गेला. खुर्च्यांचं तर त्याचं शंभर टक्के बरोबर होतं. हॉलमध्ये बसायचं एकच ठिकाण, आणि तिथे चित्रकार.

सरांचा नंबर घेतला होता. गुड मॉर्निंगचे मेसेज येतात, त्यात गुलाब नसतो, स्वतःचं स्केच असतं, त्यामुळे चालतं. परवा फोन आला. जहांगीरचा शो झाल्यापासून तालुक्यात भाव वाढलाय म्हणाले, स्थानिक पेपरात फोटो आला, शाळेने शाल-श्रीफळ दिलं, ऑफ तास मात्र अजून त्यांचाच जातो. आणि मुख्य म्हणजे गावातल्या एका डॉक्टरांनी नवीन बंगल्यासाठी मोठं चित्र मागितलंय, जे मी बघितलं होतं तेच, पिवळ्या माळरानाचं, आणि त्यांची अट एकच की ते जहांगीरला लागलेलंच हवं, तसं मागे लिहून द्यायचं. फक्त सोफा निळा आहे, तर माळरानात जरा निळं टाकता येईल का, असं डॉक्टरीण बाई विचारत होत्या.

"काय करू ताई?" सर म्हणाले. "मी म्हणजे, टाकणार नाहीच. पण नाही कसं म्हणायचं?"

मी म्हटलं सर, आधी पैसे घ्या. मग त्यांना सांगा, दोन पावसाळे जाऊ द्या, सोफ्याचाच रंग उडेल.